मुक्काम जुन्नर, सोबत तान्हे मूल एक

पुण्याहून नाशिककडे निघालेला हमरस्ता नारायणगाव ओलांडून पिंपळवंडीच्या शिवारात शिरला, की चाळकवाडीच्या टोलनाक्यापासून आळेफाट्यापर्यंत, जेथे कल्याणहून माळशेजमार्गे नगरकडे जाणारी वाट त्याला छेदते, दोन्ही अंगांना लॉज, ढाबे, परमिट रूम आणि कृषी पर्यटन केंद्रे यांच्या फलकांची एवढी दाटी झालेली आढळते, की या मुलखात रात्रीच्या निवाऱ्याची वानवा असेल अशी शंकाही कोणाच्या मनास शिवू नये. परंतु ज्या मोटारीत आठ महिन्यांचे मूल आईच्या मांडीवर किरकिरत आहे, दुधाची वेळ टळून गेली आहे आणि पिशवीतली शेवटची कोरडी दुपटीही ओली झाली आहेत, त्या मोटारीतील मंडळींना यांपैकी कोणता फलक आपल्यासाठी आहे हे ठरविणे अवघड जाते. बहुतेक पाट्यांवर ‘फॅमिली’ हा शब्द ठळकपणे रंगविलेला असतो खरा. पण त्याचा अर्थ फार तर एवढाच, की जेवणघराचा एक भाग पडदा लावून निराळा केलेला आहे आणि तेथे बायकामाणसांना मद्यपी गिऱ्हाइकांच्या नजरेआड बसता येईल. तान्ह्या मुलाचा विचार त्या पडद्याशी येऊन थांबलेला असतो.

अशी मोटार या भागात येणे ही काही अपवादात्मक घटना नव्हे. अष्टविनायकांपैकी दोन, ओझरचा विघ्नहर आणि लेण्याद्रीचा गिरिजात्मज, याच तालुक्यात आहेत. आणि लेण्याद्रीविषयीची श्रद्धाच अशी, की पार्वतीने पुत्रप्राप्तीसाठी येथे तप केले. साहजिकच नवसाने झालेले मूल वर्षाच्या आत देवाच्या पायावर घालण्याचा शिरस्ता अनेक घराण्यांत आजही पाळला जातो, आणि तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून ते मूल बौद्धकालीन लेण्यातील त्या दक्षिणाभिमुख देवालयात नेले जाते. त्यातच 2018 साली शासनाने जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला. तेव्हापासून शनिवार-रविवारी चाकण, पिंपरी-चिंचवड आणि ठाण्याकडून येणाऱ्या तरुण दांपत्यांची वर्दळ वाढली आहे. त्यांच्यापाशी आजी नसते, शेगडी नसते, आणि मूल मात्र असते. मागच्या पिढीत लहान मूल घेऊन परगावी जाणे म्हणजे नातलगाकडे जाणे. ओटीवर पथारी पडे, परसात बंब पेटे आणि घरातली एखादी जाणती बाई मूल उचलून घेई. परक्याच्या छपराखाली, भाडे मोजून, तान्ह्यासह रात्र काढण्याची वहिवाट आपल्याकडे तशी अलीकडची आहे, आणि तिचे कायदेकानू अद्याप बसायचे आहेत.

अलीकडची म्हणावी, तर याच तालुक्याच्या माथ्यावर तिला एक फार मोठा अपवाद उभा आहे. 1629 च्या जुलै महिन्यात निजामशाही दरबारात लखुजी जाधवराव आपल्या पुत्रांसह मारले गेले. त्यांची कन्या जिजाबाई त्यानंतर लवकरच गरोदर अवस्थेत शिवनेरीवर मुक्कामास आली. शहाजीराजांपुढे तो प्रश्न अक्षरशः निवासाच्या निवडीचा होता. मुलूख अस्थिर, स्वामी अविश्वसनीय आणि स्वारी कधी कोठे जाईल याचा नेम नाही, अशा स्थितीत त्यांनी जो किल्ला पसंत केला, त्याचा कारभार विश्वासराव घराण्याकडे होता आणि थोरले पुत्र संभाजीराजे यांची सोयरीक त्याच घराण्यात झालेली होती. म्हणजे तटबंदीच्या आधी त्यांनी माणूस पाहिला. मग वाटेवरचे सात दरवाजे, ज्यांपैकी एकाचे नाव आजही परवानगी दरवाजा असेच आहे. मग गंगा-जमुना या टाक्यांचे खडकात साठलेले पाणी. मग धान्याचा अंबारखाना. 19 फेब्रुवारी 1630 रोजी तेथे जन्मलेले मूल चालू-बोलू लागण्याच्या वयात दख्खनवर भयंकर दुष्काळ कोसळला, 1630 ते 1632 असा तो टिकला, आणि माणसे गावेच्या गावे सोडून चालती झाली. त्या काळात खात्रीचे पाणी आणि भरलेले कोठार जवळ असणे म्हणजे काय, याची कल्पना आज आपणास येणे कठीण आहे. शिवजन्माचे वर्णन करताना आपले लेखक पाळण्यावर थांबतात. पण पाळणा टांगण्याची जागा कशी निवडली गेली, तो हिशेब मला अधिक शिकविणारा वाटतो: यजमान कोण, आत येणाऱ्यावर कोणाची नजर, पाणी कोठले, अन्नाची तजवीज काय. आजच्या पर्यटकानेही फोन उचलताना याच क्रमाने विचारावे. तो प्रथम तरणतलावाची चौकशी करतो.

पाळण्याचा विषय निघालाच आहे, तर एका क्षुल्लक दिसणाऱ्या वस्तूपासून आरंभ करणे योग्य. जुन्नर शहरातील किंवा शेजारच्या आंबेगाव तालुक्यातील कोणत्याही जुन्या वाड्याच्या तुळईला लोखंडी कडी असे. तिला झोळी बांधली, की ज्या खोलीत स्वयंपाक चाले त्याच खोलीत मूल निजे. सिमेंटच्या स्लॅबखाली राहू लागल्यावर ती कडी गेली आणि तिच्या जागी पंख्याचा हूक उरला. परिणाम असा, की लॉजच्या खोलीत मुलाला निजविण्यास एकच जागा, ती म्हणजे मऊ फोमची उंच दुहेरी खाट. आणि नेमकी तीच तान्ह्यासाठी सर्वांत गैरसोयीची. बालरोगतज्ज्ञ सांगतात ते असे, की वर्षाच्या आतील मूल पाठीवर, सपाट व टणक पृष्ठभागावर, उशा-गिर्द्यांपासून दूर निजवावे. मऊ गादीत नाक रुतण्याचे भय, आणि कुशीवर वळू लागलेल्या मुलाला खाली पडण्याचे. तेव्हा खोली पाहताना विचारावयाचे ते असे, की जमिनीवर अंथरण्यास कापसाची पातळ गादी मिळेल काय, आणि खाट भिंतीला लावता येईल काय. या दोन प्रश्नांना ‘हो ताई, लगेच लावून देतो’ असे उत्तर देणारा सामान्य लॉज, ‘साहेबांना विचारावे लागेल’ म्हणणाऱ्या झगमगीत रिसॉर्टपेक्षा माझ्या मते चांगला.

त्यानंतर पाणी. महामार्गावरील बहुतेक लॉजांनी गच्चीवर सौर बंब बसविले आहेत आणि त्यांचे ऊन पाणी सकाळी ठरावीक वेळातच मिळते. साडेनऊला उठलेल्या दांपत्याला ते थंडगार लागते. मार्गशीर्ष-पौषात या खोऱ्यात पहाटे बोचरी थंडी पडते, म्हणून मुलाच्या आंघोळीचे पाणी केव्हा व किती मिळेल हे आदल्या रात्रीच ठरवून घ्यावे. पिण्याचे पाणी हा आणखी निराळा विषय. सहा महिन्यांपर्यंत मुलास आईच्या दुधाखेरीज काहीच लागत नाही, आणि या दृष्टीने अंगावर पिणारे मूल हा सर्वांत सुटसुटीत प्रवासी होय. पण ज्याला डब्यातील दूध द्यावे लागते, त्याची भुकटी कालविण्यास उकळून फार निवू न दिलेले पाणी घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. म्हणजे खोलीत विजेची किटली हवी, किंवा भटारखान्यात रात्री दोन वाजता कोणीतरी जागे हवे. जारचे पाणी थंड व गोड लागते म्हणून ते निर्जंतुक असते असे मानू नये. आणि एक आग्रहाची सूचना: प्रेमळ यजमानीणबाई शेतातला मध बोटावर घेऊन पुढे आल्या, तर त्यांना नम्रपणे थांबवावे. वर्षाच्या आतील मुलाला मध अपायकारक ठरू शकतो; चाटवण्याची चाल कितीही जुनी असो.

खाण्याच्या बाबतीत मात्र हा मुलूख उदार आहे. मासवडी आणि तर्रीदार मटकी ही मोठ्यांची चैन. परंतु कोणत्याही खानावळीच्या चुलीवर कुकर चढलेलाच असतो, आणि मिठाविना मुगाचे वरण व गुरगुट्या भात मागितला तर नकार सहसा येत नाही. अडचण पदार्थाची नसून वेळेची असते. मुलाला साडेसहाला भूक लागते, आणि भटारखाना साडेसातला जागा होतो.

आता कृषी पर्यटनाकडे वळू. कारण लहान मूल असणाऱ्या कुटुंबाचा ओढा अलीकडे तिकडेच आहे आणि तो ओढा पुष्कळ अंशी रास्त आहे. राजुरीच्या पराशर केंद्रासारख्या स्थळांनी या तालुक्याला त्या क्षेत्रात नाव मिळवून दिले. 2020 साली शासनाने कृषी पर्यटनाचे धोरण मंजूर केले आणि पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची व्यवस्था केली. शेतघरी राहण्याचा मोठा लाभ असा, की तेथे व्यवस्थापकाच्या जागी घर असते. मूल रडले तर शेजारच्या खोलीतून ‘काय झालं गं, पोट दुखतंय का त्याचं?’ असे विचारीत एखादी आजी येते, आणि तिच्या येण्यानेच अर्धे रडणे थांबते. ही सोय कोणत्याही दरपत्रकात छापलेली नसते.

परंतु शेत ही मुळात कामाची जागा आहे, आणि कामाच्या जागेचे धोके निसर्गरम्य छायाचित्रांत दिसत नाहीत. नारायणगाव-जुन्नर पट्ट्यातील द्राक्षबागा डोळ्यांस सुखवितात. पण ऑक्टोबर छाटणीनंतर त्यांवर औषधांच्या फवारण्या सुरू होतात, आणि ट्रॅक्टरवरचा ब्लोअर चालू असताना त्याचा तुषार वाऱ्यावर कोठवर जाईल हे मालकही सांगू शकत नाही. रांगणाऱ्या मुलासह जायचे, तर खोली आणि बाग यांत अंतर किती आणि त्या आठवड्यात फवारणी आहे काय, हे विचारणे शिष्टाचारास सोडून नाही. सुज्ञ बागायतदार उलट स्वतःहून दिवस बदलून देतो. दुसरा धोका शेततळ्याचा. विहिरीला कठडा असो वा नसो, तिचे भय परंपरेने सर्वांच्या मनात असते. शेततळे मात्र बागेच्या कोपऱ्यात निळे, शांत, निरुपद्रवी दिसते. त्याच्या उतरत्या बाजूंवर अंथरलेला प्लास्टिकचा कागद ओला झाला, की मोठ्या माणसालाही त्यावरून वर येता येत नाही. चारी बाजूंनी जाळीचे कुंपण आणि कुलूपबंद फाटक नसेल, तर चालू लागलेल्या मुलाला घेऊन त्या ठिकाणी राहूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि तिसरा विषय, ज्याच्याविषयी यजमान आपण होऊन क्वचितच बोलतो, तो बिबट्याचा. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे या पाच धरणांच्या कुकडी प्रकल्पाने हे खोरे बारमाही हिरवे केले; पाण्यापाठोपाठ ऊस आला, आणि उसाच्या आडोशात बिबट्याने घर केले. ऊस त्याला लपण देतो. गावची कुत्री, डुकरे, शेळ्या त्याला अन्न देतात. डोंगरापलीकडच्या अकोले खोऱ्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून जो अभ्यास केला आणि 2013 साली प्रसिद्ध केला, त्यात दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे असल्याचे आढळले, आणि तेही जंगलात नव्हे, तर दाट वस्तीच्या शेतजमिनीत. खुद्द जुन्नर विभागाविषयीचा त्यांचा आधीचा अभ्यास तर डोळे उघडणारा आहे. 2001 च्या सुमारास बिबटे पिंजऱ्यात धरून दूरच्या रानांत सोडण्याची मोहीम जोरात सुरू झाली, आणि माणसांवरील हल्ले वर्षाकाठी सरासरी चारवरून सतरावर गेले. धरून नेल्याने प्रश्न सुटला नाही, उलट चिघळला. पकडलेल्या वा जखमी बिबट्यांसाठी जुन्नरजवळ माणिकडोह येथे निवारा केंद्र आहे. परंतु उसातल्या बिबट्यांना कोणत्याही केंद्राची भिंत पुरणारी नाही.

याचा तान्ह्या मुलाच्या मुक्कामाशी संबंध अगदी थेट आहे. बिबट्याच्या हल्ल्याला बळी पडणाऱ्यांत लहान मुलांचे प्रमाण मोठे, कारण त्यांची उंची त्याच्या नेहमीच्या भक्ष्याएवढी. आणि वेळ बहुधा तिन्हीसांजेची, रात्रीची किंवा पहाटेची. पिंपळवंडी, काळवाडी, ओतूर या पट्ट्यातले लोक सूर्य मावळला की मुले घरात घेतात. पाहुणा मात्र नेमक्या त्याच वेळी हवा खाण्यास मूल कडेवर घेऊन, दुसरे बोटाला धरून, उसाच्या बांधावर निघतो. यासाठी भिण्याचे कारण नाही, पाहण्याचे आहे. ऊस खोलीच्या भिंतीपासून किती दूर उभा आहे. अंगणात रात्रभर दिवा राहतो काय, आणि वीज गेली तर तो कशावर चालतो. व्हरांड्याला जाळी आहे काय. स्वच्छतागृह खोलीला लागून आहे की अंगण ओलांडून जावे लागते. आणखी एक गोष्ट आवर्जून पाहावी, ती म्हणजे भटारखान्याचे खरकटे कोठे टाकले जाते. हॉटेलच्या मागे उकिरडा असेल तर तेथे कुत्री असतात, आणि कुत्री असतील तर त्यांच्या मागावर येणाराही असतो. हल्लीचे पर्यटक स्वागतकक्षातील फुलदाणी पाहून गुण देतात. मी मागचे अंगण पाहून देईन.

माळशेजकडे वळणाऱ्यांना निराळी सूचना करावी लागते. श्रावणात तो घाट ढगांत बुडालेला असतो आणि त्याच्या माथ्यावर पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आहे. तारुण्यात तेथे एकवार तरी जावेच. पण त्या हवेत एक लंगोटही वाळत नाही, अंथरुणाला ओलसर वास येतो, दरडींमुळे रस्ता केव्हा बंद होईल सांगता येत नाही, आणि डॉक्टर गाठायचा तर ओतूर-आळेफाट्यापर्यंत खाली यावे लागते. तान्ह्यासह जाणाऱ्याने मुक्काम खाली ठेवावा आणि घाट दिवसा पाहून यावा. डॉक्टरांच्या दृष्टीने नारायणगाव, आळेफाटा आणि आंबेगावातील मंचर ही तीन ठिकाणे भक्कम. मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. भीमाशंकरला जाणाऱ्यांनी मंचर-घोडेगावच्या बाजूस मुक्काम धरण्यात म्हणूनच शहाणपण आहे.

देवस्थानांच्या भक्तनिवासांविषयी शहरी दांपत्यांच्या मनात उगाच अढी असते. ओझरसारख्या ठिकाणी सामान साधे, पण आवार बंदिस्त, मद्य वर्ज्य, प्रसादाचे अन्न सौम्य आणि रात्री पहारा. चतुर्थीची गर्दी आणि पहाटेचे ध्वनिक्षेपक सोडले, तर तान्ह्या मुलाला लागणाऱ्या शांततेची एवढी स्वस्त हमी अन्यत्र दुर्मिळ. राज्य परिवहनच्या स्थानकांवर स्तनपानासाठी हिरकणी कक्ष काढण्याची कल्पना अशीच साधी आणि योग्य होती, तिची निगा सर्वत्र सारखी राखली जात नाही ही गोष्ट अलाहिदा. खाजगी हॉटेलवाल्यांनी एवढेही केले, जेवणघराच्या कडेला दाराला आतून कडी असलेली एक खोली, खुर्ची, पंखा व हात धुण्याचे बेसिन, तर पाटीवरील ‘फॅमिली’ला अर्थ येईल.

हे सारे लिहिताना एका गोष्टीची टोचणी लागून राहते. तान्हे मूल घेऊन या रस्त्याने जाणारे सगळेच भाडे मोजून खोली घेणारे नसतात, आणि त्यांची परंपरा तर पर्यटकांहून पुष्कळच जुनी आहे. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या येथे उभ्या राहतात, गावोगावचे पंच जत्रांच्या सुपाऱ्या द्यायला येतात, आणि मग फड महिनोन्‌महिने मुलाबाळांसह रस्त्यावर असतो. याच गावचे नाव लावणाऱ्या तमाशा कलावंत विठाबाईंविषयी सांगतात, की खेळ चालू असताना त्या कनातीमागे बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. राष्ट्रपतींचे पदक त्यांना मिळाले. बाळंतपणापुरती खोली मिळाली नाही. कौतुकाने सांगितली जाणारी ही कथा मला नेहमीच शरमेची वाटत आली आहे. मेंढरांमागे फिरणारे धनगर घोड्याच्या पाठीवर सामानासोबत मूल बांधून नेतात आणि सांजेला मोकळ्या रानात वाघूर लावतात. आणि दिवाळी सरली, कारखान्यांचे गाळप सुरू झाले, की बीड-नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. पहाटे चारला आई कोयता घेऊन फडात उतरते, तेव्हा तिचे मूल बांधावर धडुत्यात निजलेले असते, उसापासून चार हातांवर.

त्या टोळ्या वाटेवर असतात, तेव्हा ज्या मळ्यांत पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या आहेत त्यांच्याही उसावर कोयता चालायचा असतो. तेथील मालकाने पाहुण्यांसाठी कुंपणाची जाळी, सौर दिवा आणि उकळलेल्या पाण्याची व्यवस्था करावयाचीच असते. टोळीच्या कोप्या त्याच जाळीच्या आत, दिव्याच्या उजेडात, उसापासून दूर पाडू देणे आणि तोड चालू असेतो मुले सांभाळण्यास एका वृद्ध बाईला रोजावर बसविणे, याला खर्च फारसा नाही. पर्यटन संचालनालयाने नोंदणीच्या वेळी शेततळ्याचे कुंपण, ऊस आणि खोली यांतील अंतर व रात्रीच्या उजेडाची तजवीज यांची पाहणी करावी, आणि मळ्यावर येणाऱ्या तोडकऱ्यांच्या मुलांसाठी काय व्यवस्था आहे, असा एक रकाना त्याच अर्जात वाढवावा. अर्ज पर्यटन केंद्राचा असला, तरी उसाचा फड त्याच सातबाऱ्यावर असतो.